अक्काचं तीन

पहूरला मी दर गुरुवारी जायचे. जळगावातल्या मेहरूणहून रिक्षाने स्टँड, तिथून अजिंठ्याकडे जाणारी एसटी, आणि उतरल्यावर बाजारपेठेतून सात-आठ मिनिटं पायी. एका बंद पडलेल्या बालवाडीची खोली आम्हाला दुपारी दोनपर्यंत मिळायची. भिंतीवर अजून अननसाचा अ आणि आगगाडीचा आ होता. त्याच्याखाली मी खुर्च्या मांडायचे आणि गुडघेदुखीची माणसं एकेक करून आत यायची.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा शब्द तिथे कुणी वापरत नसे. मी 'व्यायामाच्या बाई'. जळगावच्या ज्या दवाखान्यात मी नोकरी करते, तिथल्या मोठ्या मॅडमनी हा वर्ग सुरू केला होता. गुडघेदुखीच्या माणसांना व्यायाम शिकवायचे, शेकायचं कसं, उठायचं-बसायचं कसं ते दाखवायचं, आणि प्रत्येकाचं दुखणं दर आठवड्याला मोजून कागदावर लिहायचं. मोजायचं म्हणजे विचारायचं. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. कागदावर अकरा आकडे आणि खाली सहा चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.

पहिल्याच दिवशी त्या चेहऱ्यांवरून खोलीत हशा पिकला. हसवणारी होती अक्का. साठी ओलांडलेली, उंच, सावळी बाई. कपाळावर ठसठशीत कुंकवाची जागा मोकळी. रडका चेहरा दाखवून ती शेजारणीला म्हणाली, "हाई तर आपली सरपंचीन, निवडणूक हारनी तवाची." सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. तिचं माहेर धुळ्याकडचं. पहूरला लग्न होऊन चाळीसेक वर्षं झाली तरी बोलण्यात मधूनच माहेरची अहिराणी वर यायची, विशेषतः ती खुशीत असली किंवा चिडली की.

अक्काला मी आकडा विचारला. ती म्हणाली, "तीन शे माय. तीन लिख." तीन आहे, तीन लिही.

मी तीन लिहिलं.

अक्कामुळे माझा वर्ग चालला, हे खरं आहे. पहिल्या महिन्यात पाच बायका होत्या, तिने त्यांच्या बारा केल्या. पाय सरळ करून दहा मोजायचे तर कुणी सातवरून एकदम दहावर उडी मारली की अक्का ओरडायची, "आठ-नऊ काय माहेरी गये का?" बायका हसायच्या आणि पुन्हा पाय उचलायच्या. मला असं माणूस कुठेच मिळालं नव्हतं. दर महिन्याला मोठ्या मॅडम कागद बघायच्या. इतरांचे आकडे सहावरून आठवर, आठवरून पाचवर उड्या मारायचे. अक्काचं तीन, तीन, तीन. मॅडम म्हणायच्या, "या बाईंचं छान आहे. व्यायाम चालू ठेवा." मलाही बरं वाटायचं. असे सहा महिने गेले.

त्या सहा महिन्यांत मी अक्काचे गुडघे कितीदा तरी पाहिले. हात एकदाही पाहिले नाहीत. ती खुर्चीत बसली की हात पदराखाली घ्यायची. थंडीचे दिवस होते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिवाय वर्ग गुडघ्यांचा होता आणि कागदावर हातांसाठी रकाना नव्हता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. एवढंच, की रकाना नसला की माझे डोळेही तिकडे जात नव्हते.

मार्चच्या शेवटी एका गुरुवारी अक्का आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. तिच्या गल्लीतली बाई म्हणाली, "बिबड्यांचं काम निघालंय त्यांच्याकडे." मला दोनच्या पुढची गाडी होती, वेळ होता. मी घर विचारत गेले.

अंगणात चार बायका बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. ज्वारीचा शिजवलेला घाटा परातीत वाफाळत होता, त्यातून तीळ-लसणाचा वास येत होता. ओल्या कापडावर गरम गोळा ठेवायचा आणि पाण्याचा हात लावत बोटांनी पसरत न्यायचा, हे काम बघायला सोपं वाटतं, पण बोटांची परीक्षा असते. अक्काचे बिबडे गावात नावाजलेले. जळगावला, भुसावळला लेकीबाळींकडे डबे जायचे. आणि त्या दिवशी अक्का भिंतीला टेकून बसली होती. बिबडे तिची सून घालत होती.

"ये माय, बठ," अक्का म्हणाली आणि मला पाणी द्यायला उठली. सून म्हणाली, "राहू द्या, मी देते," पण अक्का आत गेलीसुद्धा. बाहेर आली तेव्हा तांब्या तिने दोन्ही मनगटांच्या मध्ये दाबून धरला होता. बोटं तांब्याला लागलेलीच नव्हती.

मी तांब्या घेतला, खाली ठेवला आणि म्हणाले, "अक्का, हात दाखवा."

"हातले काय व्हयनं? पानी पे."

"दाखवा."

तिने हात पुढे केले. मुठीचे उंचवटे सुजून एकसारखे झाले होते, मधल्या खोबणी भरून गेलेल्या. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बाहेरच्या बाजूला कललेली. मनगट गरम लागत होतं. मी म्हणाले, मूठ करा. तिने करून दाखवली ती मूठ नव्हती. तळहातात बोटांची टोकं पोचायला दोन-अडीच इंच बाकी होते.

"सकाळी उठल्यावर किती वेळ असं आखडलेलं असतं?" मी विचारलं. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

उत्तर सुनेने दिलं. हातातलं कापड तसंच ठेवून ती उठून आली. "ऊन तुळशीपर्यंत येतं ना, तोवर," ती म्हणाली. "नऊ-साडेनऊ होतात. ब्लाउजचे हुक मी लावून देते. वेणी मी घालते. दिवाळीपासून. मला म्हणाल्या, कुणाला सांगशील तर बोलणार नाही तुझ्याशी." तिच्यावर या गुपिताचं ओझं किती झालं होतं ते तेव्हा दिसलं.

मला आधी रागच आला. मी पिशवीतून अक्काचा कागद काढला आणि तिच्यासमोर धरला. "मग हे काय आहे? सव्वीस वेळा तीन!"

बाकीच्या बायकांचे हात थांबले. अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, मग मला म्हणाली, "चल, मधमा चल." आत चल.

आत एक लोखंडी कॉट होती, भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो. अक्का कॉटच्या कडेला बसली आणि मला शेजारी बसवलं.

"तू पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना," ती शांतपणे म्हणाली, "दहा म्हणजे सहन होणार नाही ते. ते मी पाह्यलं शे. याच खाटेवर. घशाचा कॅन्सर होता यांना. शेवटचे दोन महिने थेंबभर पाणी गिळायचं तर उशी दातात धरायचे, शेजारच्या घरात आवाज जायला नको म्हणून. सहा फुटांचा माणूस. दहा त्यास्नं व्हतं. मन्हं दहा कसं व्हई? त्यांच्यापुढे माझं तीनच. तेही मी वाढवून सांगितलं, तू एवढी लांबून येतेस म्हणून."

आमच्या कोर्समध्ये हे शिकवलं होतं, की माणूस आपलं दुखणं त्याने भोगलेल्या, पाहिलेल्या दुखण्याशी ताडून पाहतो. परीक्षेत मी ते लिहून गुणही मिळवले असतील. पण या खोलीत, त्या खाटेवर बसून ऐकताना ते वाचलेलं काही आठवलं नाही. एवढंच कळलं, की ही बाई खोटं बोललेली नव्हती. माझ्या पट्टीवर दहा म्हणजे काय हे मी तिला सांगितलं होतं, आणि तिने प्रामाणिकपणे मोजलं होतं.

मी विचारलं, "आणि सुनेला सांगू नको म्हणालात ते?"

"सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं." तिने फोटोकडे पाहिलं. "अगदी शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो होतो जळगावला, मग धुळ्याला. येताना मी एकटी आले, गाडीत पुढे बसून. त्यांना मागे झाकून आणलं."

तिला तयार करायला मला दोन गुरुवार लागले. पहिल्या गुरुवारी ती चक्क रागावली, म्हणाली, "व्यायाम शिकवायला येतेस, तेवढंच शिकव." दुसऱ्या गुरुवारी मी वेगळं बोलले. म्हणाले, "अक्का, हा कॅन्सर नाही. हा सांध्यांचा वात आहे, पण गुडघ्यांच्या झिजेसारखा नाही. हा आतून सूज आणतो आणि सांधा खातो. याला औषध आहे. जितका उशीर, तितकी बोटं जातील. मी तुमच्यासोबत येते, आणि आणून परत दारात सोडते." शेवटचं वाक्य तिने मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "सोमवारी येऊ?"

सोमवारी ती, तिची सून आणि मी संधिवाताच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. वयाने तरुणच होते. त्यांनी आल्या आल्या आकडा विचारला नाही. अक्काचे सांधे एकेक करून अंगठ्याने दाबायला सुरुवात केली, खांदे, कोपर, मनगटं, बोटांचं प्रत्येक पेर, गुडघे. दाबताना त्यांचे डोळे सांध्याकडे नव्हते, अक्काच्या चेहऱ्याकडे होते. अक्का तोंडातून हूं की चूं करत नव्हती. पण भुवई हलली की ते कागदावर खूण करायचे. अठ्ठावीस सांध्यांपैकी सतरा दुखरे निघाले, अकरा सुजलेले. मग रक्त, मग हातांचे एक्स-रे.

एक्स-रे त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावले आणि मला जवळ बोलावलं. दोन हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. "हे परत भरून येणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढचं थांबवता येईल. किती दिवस झाले म्हणालात?"

"दिवाळीपासून," मी म्हणाले. त्यांनी मला आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

औषध होतं आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांचं. डॉक्टरांनी हे तीनदा बजावलं, रोज घेतलं तर जिवावर बेतेल. सून घाबरली. अक्का मात्र लगेच म्हणाली, "बाजारच्या दिवशी घेईन. बाजार काय रोज भरत नाही." डॉक्टर हसले. दुसऱ्या दिवशी एक पिवळी छोटी गोळी, सूज उतरेपर्यंत थोडे दिवस आणखी एक औषध, आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतील असं त्यांनी सांगितलं.

मी शब्द दिल्याप्रमाणे पहूरपर्यंत गेले. एसटीत नेरी गावाच्या पुढे सून खिडकीला डोकं टेकून झोपली. मी अक्काला म्हणाले, "अक्का, माझं चुकलं. मी सहा महिने तुमच्या समोर बसत होते."

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "तू इचारं ते मी सांगं. मी दपाडं ते तुले कसं दिसी?" तू विचारलंस ते मी सांगितलं, मी लपवलं ते तुला कसं दिसणार.

मला माफ करण्यासाठी ती हे म्हणाली, हे मला कळत होतं. पण मला ते पूर्ण मान्य करता आलं नाही, अजूनही येत नाही. लपवलेलं बघणं हेच तर माझं काम होतं.

त्यानंतर वर्गात मी आकड्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारू लागले. सकाळी किती वेळ आखडतं, रात्री झोपमोड होते का, कुठलं काम सोडून दिलं, आणि कुठलं काम दुसऱ्याने करायला लागतं. मोठ्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझे जुने कागद मागवले, बराच वेळ चाळले, आणि म्हणाल्या, "मीच 'छान आहे' म्हणाले होते." पुढच्या महिन्यापासून सगळ्यांच्याच कागदावर हे रकाने आले आणि हात-पाय दोन्ही तपासायचे असं ठरलं.

या नव्या प्रश्नांमुळे मला आणखी एका माणसाचं उत्तर कळलं. वर्गात एक टेलरचाचा यायचे. आयुष्यभर पायाची मशीन चालवून गुडघे गेलेले. ते नेहमी "नऊ" म्हणायचे, आणि म्हणून झाल्यावर खुशाल चालत दुकानाकडे जायचे. मी मनात त्यांचा आकडा कमी करून घेत असे. आता विचारलं, "चाचा, कुठलं काम सुटलं?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, नमाजला गुडघा टेकत नाही. दोन साल झाले, खुर्चीवर बसून पढतो. मशिदीत सगळे खाली वाकतात, मी वर बसलेलो असतो." मग म्हणाले, "चालायचं तर चालतो मी. चालायचं दुखणं चारच आहे."

त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या गुडघ्यांसाठी वेगळे व्यायाम सुरू केले, जाड गादीवर हाताचा आधार घेत खाली जाण्याचे. वजन त्यांनी स्वतःहून कमी केलं. जमिनीपर्यंत ते अजून पोचलेले नाहीत, पण खुर्चीऐवजी आता बुटका पाट चालतो. चाचांनी अक्कासाठीही एक काम केलं. तिच्या सगळ्या ब्लाउजचे हुक उसवून तिथे वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या शिवून दिल्या, आणि वरून हुकांची नुसती ओळ दिसायला ठेवली. सुनेने मला सांगितलं, पहिल्या दिवशी अक्का एकटीच दार लावून तयार होऊन बाहेर आली आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या, उगाचच.

औषधाचा गुण यायला डॉक्टरांनी सांगितलं त्याहून जास्त, दहा आठवडे लागले. मधल्या काळात अक्का दोनदा म्हणाली, की आता बंद करते, तोंडाची चव गेली. सून बधली नाही. सकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून मी शिकवलेले बोटांचे व्यायाम ती अक्काकडून करवून घ्यायची. नळाची गोल चावी काढून लांब दांड्याची बसवली. उलथन्याला, सुरीला जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळून मुठी जाड केल्या. तांब्या सोडून कानाचा मग घेतला. मनगटाला आधाराचा पट्टा दिला. तो अक्काला अजिबात आवडला नाही, कारण बायका विचारायच्या. पहिला महिनाभर ती तो फक्त घरात घालायची.

श्रावणात एका गुरुवारी ती खोलीत आली आणि मी काही विचारायच्या आत दोन्ही हात पुढे करून मुठी वळल्या. बोटांची टोकं तळहाताला लागली. दोन सोडून. ती दोन कललेली बोटं तशीच वर राहिली. खोलीतल्या बायका टाळ्या वाजवू लागल्या. मीही वाजवल्या, पण माझी नजर त्या दोन बोटांवरून हलत नव्हती. अक्काने ते पाहिलं. तिने दुसऱ्या हाताने ती बोटं झाकली आणि मला म्हणाली, "आठ तर आली ना माय."

पुढच्या हिवाळ्यात ती भाचीच्या लग्नाला धुळ्याला गेली. एकटी, एसटीने. आठ दिवस राहिली आणि दोन बाजार गोळी घ्यायची विसरली. परत आली ती घोटे सुजवूनच. पण या वेळी सुनेला गुपित सांभाळावं लागलं नाही. अक्काने स्वतःच मला फोन लावला. "सकाळी दोन तास आखडस. चप्पल घालता येत नही," तिने सांगितलं, आणि मग जरा ओशाळून, "लग्नात नाचनू बी." मी तिला रागावले, मग डॉक्टरांना कळवलं. त्यांनी तिला दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. सूज उतरायला पाच आठवडे गेले.

आता ती दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला जळगावला येते. आली की मेहरूणला माझ्या घरी थांबते, पंख्याखाली पाय लांब करून बसते आणि माझ्या आईशी तासभर बोलते. गेल्या खेपेला निघताना मी तिला स्टँडवर सोडायला गेले. पहूरची गाडी लागली, गर्दी आत घुसली. मी तिचा दंड धरायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "सरक." पट्टा बांधलेल्या हाताने दांडा धरला, एक पायरी, मग दुसरी, आणि आतून कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, खिडकीजवळची दे."